बेडकांची सुकट

ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा ह्यांची चाळिशीही उलटली नव्हती. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, लोणचं-पापड बंद केलं आणि घरात माशांची टाकी ठेवायला सांगितलं. रोज अर्धा तास माशांकडे बघत बसलं की डोकं शांत होतं म्हणाले. हे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. लिहून दिलेलं काम अर्धवट ठेवायची सवय नाही. त्याच संध्याकाळी दोन फुटी टाकी, हवेचा पंप, खडी आणि दहा गप्पी मासे घेऊन रिक्षाने घरी आले.

आम्ही तेव्हा जळगावात भाड्याने राहत होतो. खाली घरमालक, वर आम्ही. मालकांचं कापडाचं दुकान होतं, पण घर चालायचं त्यांच्या आईच्या शब्दावर. त्यांना सगळे बाईजी म्हणत. त्याआधी दोन ठिकाणी जागा बघितली होती. दोन्ही मालकांनी आमचं आडनाव विचारलं आणि जागा नुकतीच गेल्याचं सांगितलं. बाईजींनी आडनाव विचारलं नाही. "मांस, मच्छी, अंडी घरात येणार नाही ना?" एवढंच विचारलं. घर जैनांचं होतं, प्रश्न रास्त होता. आम्ही दोघं खाणारे. पण मी "नाही येणार" म्हटलं, आणि चार वर्षं खरंच काही आलं नाही.

टाकी आली तेव्हा बाईजी वर येऊन बघून गेल्या.

"पाळणार ना? खाणार नाही?"

"पाळणार."

"मग ठीक आहे."

महिन्याभराने हे माशांचं खाणं आणायला गेले आणि दोन बेडूक घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि पाण्यात अंगठ्याच्या नखाहून जरा मोठे, मातकट रंगाचे दोन बेडूक. मुंबईहून आलेत, एवढेच राहतात, पाण्याबाहेर येत नाहीत, माशांना त्रास देत नाहीत, असं दुकानदाराने सांगितलं होतं. "एकदम शांत असतात, भाऊ," असंही म्हणाला होता.

ते खरंच होतं. ते इतके शांत होते की नाकासमोर खाणं पडलं तरी त्यांना पत्ता लागत नसे. हातपाय पसरून पाण्यात तरंगत राहायचे. मध्येच एखादा काही आठवल्यासारखा वर धावायचा, हवा घ्यायचा आणि पुन्हा खाली येऊन काय आठवलं होतं ते विसरायचा. तोवर गप्पींनी सगळं फस्त केलेलं असे. आठवड्याभरात बेडकांची पोटं आत गेली. हे अर्धा तास बघत बसण्याऐवजी दीड तास बघत बसू लागले.

पुढच्या तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा बघितला आणि पुन्हा एकदा बघितला.

"टाकी ठेवली का?"

"ठेवली."

"मग हे का वाढलं?"

"बेडूक जेवत नाहीत," हे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी गोळी अर्ध्याची एक केली.

जिवंत किडे घाला, असं दुकानदाराने सुचवलं. पण बाईजींच्या घरात जीव मारायचा नाही, हे ह्यांनी आपणहून ठरवलेलं होतं. सुकट चालेल का, असं ह्यांनी विचारलं. सुकट मुळात मेलेलीच असते. दुकानदार चालेल म्हणाला. तरी बाजारात जाण्याआधी हे खाली जाऊन बाईजींना विचारून आले. म्हणजे बाईजीच ह्यांच्या मागोमाग वर आल्या. टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ बेडकांकडे बघत राहिल्या.

"गवत नाही खात?"

"नाही."

"पोळी?"

"टाकून बघितली. पाणी गढूळ झालं."

"तुम्ही दोघं नाही ना खाणार?"

"नाही. फक्त बेडूक."

बाईजींनी थोडा विचार केला. "शब्द तुम्ही दिला होता," त्या म्हणाल्या. "बेडकांनी नव्हता दिला. पण डबा गच्चीवर ठेवा. झाकण घट्ट लावा."

अशी चार वर्षांनी आमच्याकडे सुकट आली. हे ती मीठ जाईपर्यंत तीन पाण्यांनी धूत, ब्लेडने बारीक कापत आणि कानात औषध घालायच्या ड्रॉपरने थेट बेडकाच्या तोंडाशी सोडत. बेडूक क्षणभर विचार करी, मग एकदम झडप घालून दोन्ही हातांनी ती तोंडात कोंबी. ह्यांनी एक वही सुरू केली. तुकडे मोजण्याइतके मोठे नसत, म्हणून डब्यात किती सुकट उरली ते त्यात सुबक अक्षरात लिहून ठेवत. मी पलंगावर बसून शाळेच्या वह्या तपासत असे. वास सगळ्या खोलीत पसरत असे.

त्या सुमारास माझे सासरे, आबा, डोळे दाखवायला शिंदखेड्याहून आले. त्यांनी आधी ड्रॉपर बघितला, मग आपलं ताट बघितलं.

"बेडूकले सुकट," ते म्हणाले, "नी आमले वांगं?"

ह्यांनी बाईजींना दिलेला शब्द समजावून सांगितला. आबांनी ऐकून घेतलं आणि वांगं खाल्लं. पण त्यांचं बोलणं माझ्या मनातून जाईना. माझी शाळा सकाळची. मी साडेबाराला घरी येई, हे सहानंतर. आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले, मूठभर सुकट आणली, तव्यावर भाजली, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून घातली आणि भाकरीबरोबर उभ्याउभ्याच खाल्ली. मग तवा दोनदा घासला. मला फार वाईट वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा खाल्ली.

डबा लवकर रिकामा होऊ लागला. ह्यांनी वहीत हिशेब मांडला आणि बेडकांचा आहार दुपटीने वाढल्याचा निष्कर्ष काढला. चेहरा उजळला. पुढच्या तपासणीत पारा खाली आलेला. डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

पावसाळा निम्मा सरला, खाली पर्युषण सुरू झालं. ते आठ दिवस मी डब्याला हात लावला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाईजी उपासाने थकलेल्या होत्या, जिन्याचा कठडा धरून वर आल्या होत्या. आत आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

"वर्षभरात माझ्याकडून काही चूक झाली असेल, मन दुखावलं असेल, तर माफ कर."

माझ्याच्याने राहवेना. मी त्यांचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. किती वेळा ते नक्की आठवत नव्हतं, अंदाजे सांगितलं.

बाईजी खुर्चीवर टेकल्या.

"माहीत आहे मला. भिजलेल्याचा वास वेगळा, भाजलेल्याचा वेगळा. आणि बेडूक लसूण खात नाहीत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्हाला काढावं लागलं असतं." त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. "आज माफ करायचा दिवस आहे. उद्या सांगितलं असतंस तर मला विचार करावा लागला असता."

त्यानंतर त्या घरात मी सुकट खाल्ली नाही. डबा पुन्हा पुरायला लागला. ह्यांनी वही बघितली, बेडकांचं खाणं निम्म्यावर आलं म्हणून चार दिवस धड जेवले नाहीत, आणि पारा पुन्हा वर गेला. डॉक्टर दुसरी गोळी लिहायला लागले, तेव्हा मला गप्प बसणं अशक्य झालं. दवाखान्याबाहेर आल्यावर मी ह्यांना रस्त्यातच थांबवलं आणि सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं.

"प्रत्येक वेळी किती घेत होतीस?" हे म्हणाले.

"मूठभर."

"तुझी मूठ?"

मी मूठ दाखवली. घरी येऊन ह्यांनी वही काढली आणि लाल शाईने मागचे सगळे आकडे दुरुस्त केले. शेवटी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ते पहिल्यापासून तेवढंच खात होते."

"हो."

"म्हणजे बरे आहेत."

दुसरी गोळी आणावी लागली नाही.

पुढच्या मे महिन्यात दुपारी नळाच्या पाण्याने हात पोळायचे. बाईजी खालून फ्रिजमधला बर्फ पाठवायच्या, हे तो पिशवीत बांधून टाकीत सोडायचे. तरी मोठा बेडूक गेला. जूनमध्ये ह्यांची धुळ्याला बदली झाली. सामान ट्रकने गेलं आणि उरलेला बेडूक माझ्या मांडीवर, भोकं पाडलेल्या स्टीलच्या डब्यात, एसटीने. पारोळ्याला शेजारी एक बाई येऊन बसली. तिने डब्यात काय आहे म्हणून विचारलं. मी बेडूक आहे म्हणून सांगितलं. धुळं येईपर्यंत ती एरंडोलला राहणाऱ्या तिच्या नणंदेबद्दल बोलत राहिली.

धुळ्यात तो आणखी दीड वर्ष जगला. गेला त्या दिवशी ह्यांनी त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं, हात धुतले आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी आले, चहा घेतला आणि टाकीसमोर बसले. गप्पी एव्हाना इतके झाले होते की मोजता येत नव्हते. तरी हे मोजत बसले.