कोपऱ्यातली लेथ

डिप्लोमाच्या ट्रेनिंगला मी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लागले, ती लोखंड कातायची लेथ मशीन चालवायला. मालकांनी माझ्या हातात व्हर्नियर दिला आणि टेबलाशी बसवलं. झालेला माल मोजायचा, बास. माझ्याबरोबर लागलेली पोरं मात्र पहिल्याच आठवड्यात मशीनवर उभी.

"काका, मला मशीन कधी?" मी मालकांना रोज विचारायची.

"आगं, बोटबिट गेलं तर तुझ्या बाला काय सांगू?"

"पोरांची बोटं काय परत उगवत्यात व्हय?"

सगळी शेड हसली. मालक हसले नाहीत आणि मशीनही मिळाली नाही. असला संताप यायचा! केस आवळून बांधलेले, ओढणी घरी, हातात बांगडी नाही. आणखी काय करायचं माणसानं? पण ट्रेनिंग सोडायचं नाही, हे मी ठरवलंच होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी मशिनी बंद ठेवून पुजतात. आमच्या शेडची रीत कडक होती. मशीन ज्याची त्यानंच पुसायची, त्यानंच हार घालायचा. हार घातला की वर्षभर ती त्याची. मग मालकसुद्धा विचारल्याशिवाय तिला हात लावत नसत. मला सांगितलं, "तू रांगोळी काढ."

काढली. मग कोपऱ्यात गेले. तिथं एक जुनी लेथ पडून होती, जेवणाचे डबे ठेवायला. डबे उतरवले, डिझेलच्या फडक्यानं गंज घासला. कोपरापर्यंत हात काळे झाले. झेंडूचा हार येतानाच आणला होता, तो घातला.

मालक पूजेचं ताट घेऊन एकेका मशीनपुढून आले आणि थबकले.

"ह्यो हार कुणी घातला?"

"मी."

"कुणाला इचारून?"

"जिनं पुसली तिनं घातला. रीत तुमचीच हाय की, काका."

या वेळी कुणी हसलं नाही. हाकललं तर ट्रेनिंग गेलं, वर्ष गेलं. पण हार मी काढणार नव्हते. काढायचा तर त्यांनी काढावा.

त्यांनी लेथला हळदीकुंकू लावलं. "मोटरचा पट्टा नवा टाकाय लागंल," एवढंच पुटपुटले आणि पुढं गेले.

दसरा झाल्यावर शेड उघडली. पट्टा नवा होता. मालकांनी लोखंडाचा एक तुकडा माझ्यापुढं ठेवला. मी तो चकच्या जबड्यात आवळला, लेथ सुरू केली. आवाज जरा खरखरीत येत होता. मालकांनी सवयीनं हँडलकडं हात नेला आणि अर्ध्यातच मागं घेतला.

"हात लावू काय?" त्यांनी विचारलं.

"लावा की," मी म्हटलं.