मथळ्यातलं नाव

पेनाइया दक्षिण समुद्रातल्या एका बेटावरच्या अपिया शहरात, एका वर्तमानपत्रात मथळे द्यायचा. चार शब्दांत चिमटा काढावा तर त्यानंच, असं बाजारातल्या बायकासुद्धा म्हणत. त्या वर्षी पाऊस लांबला, नळ आटले आणि पाणीखात्याच्या मुख्य अधिकारी तौवांगा त्याच्या तावडीत सापडल्या. बाई अंगानं दांडग्या. त्यानं मथळा दिला, 'पिंप कोरडंच!' अंक हातोहात खपला. मग रोजच पिंप. पिंप गप्प, पिंप परदेशी. रेडिओवाल्यांनीही उचललं.

"अरे, नळाचं लिही की! बाईच्या अंगाचं कशाला?" बहीण मालिया म्हणाली.

"सरकारी खुर्चीत बसलं की एवढं सोसावं लागतं गं."

तौवांगा हे काही बाईंचं जन्मनाव नव्हे. ती घराण्याची पदवी. आधी वडिलांची, ते गेल्यावर भाऊबंदांनी एकमतानं बाईंना दिलेली. पेनाइयाच्या वडिलांचीही अशीच पदवी होती, म्हणजे त्याला हे कळत नव्हतं असं नाही. लिहिताना त्याला फक्त बाईंचा घेर दिसे.

मग बाईंच्या गावची बैठक झाली. तिथं कावाची, म्हणजे मुळी कुटून केलेल्या मानाच्या पेयाची, वाटी देताना ज्याची त्याची पदवी मोठ्यानं पुकारतात. तौवांगांचा पुकारा होतो न होतो तोच मागून कुणीतरी म्हणालं, "पिंपाला एका वाटीनं काय होणार?" थोरामोठ्यांची बैठक खदखदून हसली. बाई वाटी न घेताच उठून गेल्या.

ही बातमी पेनाइयाच्या घरी आली तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं.

"मालिया, आईची चांगली चटई काढ."

पहाटे सगळं घर बाईंच्या अंगणात जाऊन बसलं. सर्वांत पुढे वडील, गुडघ्यांवर, डोक्यावरून ती तलम चटई पांघरून. बाईंनी ती उचलली तर क्षमा. नाही उचलली, तर या घराला कुठल्याच गावात मान वर करून जाता येणार नव्हतं.

"बाबा, मी बसतो ना. चूक माझी आहे."

चटईखालून आवाज आला, "घरातला थोरला बसतो. तू मागे हो."

ऊन चढलं. आतले पडदे खालीच. चटई थरथरायला लागली. बाबांचे गुडघे दुखतात हे पेनाइयाला माहीत होतं. त्याला तिकडे बघवेना; पण मान फिरवायलाही लाज वाटत नाही का, असं मालियाचे डोळे विचारत होते.

अखेर बाई बाहेर आल्या. त्यांनी स्वतः वाकून चटई उचलली.

"उठा दादा. ऊन झालं. आत चला, दोन घास खा."

मालिया रडायला लागली. आत भाजलेला नीरफणस होता, अळूच्या कोवळ्या पानांत बांधलेलं नारळाचं दूध होतं. पेनाइया उंबऱ्याशी पोचला तसं बाईंनी त्याला थांबवलं.

"माझ्यापुरतं संपलं रे. पण नाव माझ्या एकटीचं नाही."

त्यांनी अंगणातल्या पांढऱ्या कबरीकडे हात केला. बाईंच्या वडिलांची कबर, दगडावर तेच नाव कोरलेलं.

"या नावाला तू काय म्हणायचास ते त्यांना सांग. मग जेवायला ये."

पेनाइया कबरीपाशी गेला. रोज टपोऱ्या अक्षरांत छापलेला तो एवढासा शब्द तोंडातून फुटेना. आतून बाबा हाक मारत होते, अन्न निवतंय म्हणून. तो तिथंच उभा राहिला.