घरमालकांचं भक्तिगीत

जर्मनीत बॉनमधले आमचे घरमालक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला येशूचे पॉपस्टार होते. हे ते स्वतःच सांगतात, तेही कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवल्याबद्दल मला यथेच्छ झापून झाल्यावर. खांद्यापर्यंत केस, गळ्यात लाकडी क्रूस, हातात गिटार आणि चर्चच्या तळघरात चौघांच्या ग्रुपच्या तालमी. पाद्रीबुवांना वाटलं होतं, अशाने तरुण पोरं चर्चला येतील. पोरं आलीही, पण गाणाऱ्या मुलीला बघायला. ती मुलगी म्हणजे आमच्या आजच्या घरमालकीणबाई.

देवाला विनोदबुद्धी आहे हे मला या मंडळींच्या पुढच्या कारकिर्दीवरून पटलं. ड्रमवाला तोंडाला काळं-पांढरं फासून सैतानाच्या नावाने किंचाळणाऱ्या बँडमध्ये गेला आणि या वयातही किंचाळतोय. ऑर्गनवाल्याने कस्टमर केअरला फोन लावला की वाजत राहतं तसलं संगीत रचलं. लोकांना खरोखर देवाचा धावा करायला लावणारा त्या ग्रुपमधला तो एकटाच. आणि घरमालक कार्निव्हलची बिअरगीतं लिहून गाजले. त्यातलं पहिलं गीत म्हणजे बायकोने लिहिलेली प्रार्थना. चाल तीच, फक्त ‘प्रभो, माझी ओंजळ भर’च्या जागी ‘अरे, माझा ग्लास भर’. ते आज इथल्या शेंबड्या पोरालाही येतं. बाईंनी मात्र तेव्हापासून गाणंच सोडलं.

गेल्या वर्षी चर्चने जुन्या ग्रुपला पुन्हा गायला बोलावलं. बाई चक्क हो म्हणाल्या. अट एकच, त्यांची प्रार्थना त्यांच्याच शब्दांत व्हायला हवी.

“आल्झो, हे बघ, मरायच्या आधी एकदा तरी ती देवापर्यंत पोचू दे,” जिन्यात त्या मला म्हणाल्या. घरमालकांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. ड्रमवाल्याचा त्या दिवशी सैतानाकडे कार्यक्रम होता, म्हणून तालासाठी मला धरलं. पुण्याच्या भजनी मंडळातले टाळ माझ्याकडे होते, आणि भारतीय म्हटलं की अध्यात्म आलंच, गेनाऊ, अगदी बरोबर!

भरल्या चर्चमध्ये बाईंनी सुरुवात केली. आवाज जरा कापला, पण काय आवाज! मी ताल धरायचा विसरलो. दुसऱ्या ओळीला पुढच्या बाकावरच्या आज्यांनी एकमेकींच्या हातात हात अडकवले. कार्निव्हलमध्ये बिअरगीत लागलं की अशी साखळी करून बसल्या जागी डुलायचं असतं, हा इथला बालपणापासूनचा संस्कार. बघता बघता पाद्रीबुवांसकट अख्खं चर्च डावीकडून उजवीकडे डुलायला लागलं. ध्रुपदाला सगळ्यांनी देवासमोर खणखणीत आवाजात ग्लास मागितला. कोणाच्याही मनात पाप नव्हतं. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

बाई डोळे मिटून आपलेच शब्द गात राहिल्या. लोकांचं हे असं होणार, हे त्यांनी गृहीतच धरलं असावं. मग त्यांनी डोळे उघडले आणि शेजारी पाहिलं. घरमालक गिटार छातीशी धरून, भान हरपून, भक्तिभावाने गात होते, “अरे, माझा ग्लास भर!”

बाई थांबल्या. माझं हसू जागच्या जागी विरलं. गाणं त्यांच्याशिवायच शेवटापर्यंत गेलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरमालक डोळे पुसत बायकोकडे वळले. “बघ,” ते म्हणाले, “तुझी प्रार्थना अजून सगळ्यांना पाठ आहे!”