गळावरचे गोंडे

हैदराबादची गाडी उदगीरच्या स्टँडवरून हलली तेव्हा माझे वडील, आप्पा, खिडकीपाशी नव्हते. पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दिवसांत बैलांच्या साजाचं दुकान सोडून ते आईला, आमच्या अव्वाला, दवाखान्यात नेत नसत, मला पोचवायला कुठून येणार! सकाळी दुकानातच पाया पडलो. बैलाच्या गोंड्याला दोरा आवळता आवळता म्हणाले, "हाताला काम असू दे, आन् काम इमानाचं असू दे." वर बघितलंसुद्धा नाही. अव्वानं मात्र स्टँडवर दोघांच्या वाटचं रडून घेतलं. उदगीरला राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं गेलेला माणूस मागचं विसरून मोकळा होतो. माझ्यासारखे जे गेले, त्यांना वेगळं सांगायला नको.

कॅनडात शिकायला आलो आणि शिकून झाल्यावर ब्रिटिश कोलंबियातल्या एका लहान गावात, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात लागलो. इथल्या नदीत सामन आणि स्टीलहेड हे मासे समुद्रातून परत येतात. त्यांच्यासाठी गळालाच पिसं, लोकर आणि चमकी दोऱ्यानं आवळून बांधतात; अशा बांधलेल्या आमिषाला म्हणतात फ्लाय. पहिल्यांदा बघितली आणि हसूच आलं. हा तर आमचा पोळ्याचा गोंडा, बोटाच्या पेराएवढा! मालकीणबाईंनी माझा हात बघितला आणि काउंटरवरून उचलून मला बांधणीला बसवलं. आता फ्लाय मीच बांधतो, आणि गिऱ्हाइकासोबत नदीवर जाऊन कुठली लावायची तेही मीच ठरवतो. पाणी गढूळ असलं की मोठी, काळी-निळी, मध्ये थोडा भडक गुलाबी. पाणी निवळ असलं की बारीक आणि साधी. आप्पा बैलाचा रंग बघून गोंडा काढायचे, पांढऱ्याला लाल, काळ्याला पिवळा. मी पाण्याचा रंग बघतो.

मागच्या वर्षी पानं पिवळी पडायच्या दिवसांत आप्पा आले, एकटेच, कारण अव्वाच्या गुडघ्यांना विमान झेपत नाही. मी दुकानात आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि आमच्याकडं दुकान म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. हॉलमधल्या टेबलावर अर्धी बांधलेली फ्लाय होती. त्यांनी ती उचलून दिव्याखाली धरली आणि "आवळलंय झकास" म्हणाले. माझी छाती फुगली. तेवढ्यात त्यांच्या बोटाला गळ लागला.

कशासाठी असतं हे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फ्लाय होती तिथं ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आम्ही लिंगायत, जीवहत्या वर्ज्य. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आप्पा अन्नाला शिवत नाहीत, आणि त्या संध्याकाळी ते पूजेला बसलेच नाहीत. म्हणजे जेवण नाही. माणूस शुगरचा, त्यात गोळी घेऊन बसलेला. टेबल गॅरेजमध्ये टाकलं, हॉल पुसून काढला, वरण-भात पुन्हा ऊन केला. आप्पा दारातून बघत होते.

"टेबल हलवलास," ते म्हणाले. "हात कुठं ठिवशील?"

मला संताप आला. मी काय दरोडे घालतो का, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

सकाळी त्यांची बोटं थरथरत होती. साखरपाणी पुढं केलं, तर त्यांनी पेला बाजूला सारला. आणि नेमकं त्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक नदीवर ठरलेलं. आप्पांना एकटं सोडायची माझी छाती झाली नाही. त्यांना गाडीत बसवलं, त्यांची पिशवीही घेतली.

पाणी तळ दिसेल इतकं निवळ होतं. गिऱ्हाइकाला भडक फ्लाय हवी होती, मी हट्टानं बारीक काळी दिली. माझं निम्मं लक्ष दोरीवर, निम्मं दगडावर बसलेल्या आप्पांवर. घाम फुटलाय का, मान कलतेय का, एवढंच बघत होतो. आणि स्टीलहेड लागला. दोरी ताणली, गिऱ्हाईक नाचायला लागलं, आणि मी मनात म्हणत होतो, उरक बाबा लवकर. शेवटी मासा काठाला आला. हात ओले करून मी तो पाण्यातच धरला, बिनकाट्याचा गळ अलगद काढला आणि सोडून दिला. इथं रानटी, म्हणजे नदीतच जन्मलेला, स्टीलहेड सोडायचाच, असा कायदा आहे. मासा गेला तसा मी आप्पांकडं वळून सगळी वकिली एका दमात केली. बघा, जिता सोडला, हा कुणी खात नाही. आणि त्यालाही भूक नसते. समुद्रातून जन्मल्या ठिकाणी परत निघाला की तो खाणं जवळजवळ सोडतोच, नुसता चिडून तोंड घालतो.

आप्पांनी मासा गेला त्या बाजूला बोट केलं.

"लेंडी नदीवरचे भोई मासा धरतेत, लेकराच्या पोटात घालतेत. त्येला मी कधी नाव ठिवलं न्हाई," ते म्हणाले. "आन् हे? उपाशी जीव घराकडं निघालाय, आन् तुमी त्येला खेळ म्हणून वाटंत अडवून राहिले?"

कायदा तोंडपाठ होता, तो काही कामी आला नाही.

ते उठले, त्या बर्फाळ पाण्यात हातपाय धुतले आणि तिथंच दगडावर पूजेला बसले. पूजा झाल्यावर पिशवीतली अव्वाची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली. त्यांनी पहिला घास घेतला आणि मी गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही.

पुढं राहिले तोवर असंच चाललं. स्वतः भात शिजवायचे, डब्यात भरायचे, आणि मी त्यांना सकाळ-संध्याकाळ नदीवर न्यायचो. थंडीत कुडकुडत तिथंच पूजा, तिथंच जेवण. माझ्याशी बोलायचे, हसायचे, टीव्ही बघायचे, झोपायचे माझ्याच घरात. पण ज्या हातांनी मी गळ बांधतो त्या हातचं खाल्लं नाही, की ते बांधतो त्या घरात घास घेतला नाही. विमानतळावर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझा हात लई चांगला हाय लेका. म्हणून तर जिवाला लागतंय."

काम मी सोडलेलं नाही, हे उगीच झाकत नाही. उद्याही नदीवर जायचंय, पाऊस झालाय, मोठी काळी-निळी लागेल. अव्वा फोनवर विचारते, घर कसं हाय रे? चांगलं आहे म्हणतो. ऊबदार आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, देवासाठी कोपराही केलाय. पण खरं विचाराल तर घर म्हणजे मला आता एवढंच कळतं, जिथं माझ्या हातचं आप्पांना जेवता येईल ती जागा. तशी जागा माझ्याकडं नाही.