सत्तेचाळीस नंबरच्या एकोणीस बाटल्या

माझी आई, व्हर्ना टॅकेट, सार्जंटची बायको. अमेरिकेत लष्कराने दिलेल्या प्रत्येक घरात चमच्यापासून पलंगापर्यंत सगळ्यावर नंबर असे, आणि घर सोडताना एक जरी वस्तू कमी भरली तरी बाबांना साहेबापुढे उभं राहावं लागे. सात बदल्यांत आमचा एकही चमचा कमी भरला नव्हता. आमच्या घराण्याला दुसरा इतिहास नाही.

छप्पन साली बाबांची बदली फ्रान्समध्ये तूलजवळच्या तळावर झाली. तळावर कुटुंबांसाठी घरं नव्हती. गावात घर मिळालं आणि लष्कराच्या तपासणीत ते पास झालं, तर राहायचं. नाहीतर बायकामुलांनी बोटीने परत आयोवाला. मादाम ओदील युसों या विधवेने आपलं अर्धं घर आम्हाला दिलं. तपासणी शनिवारी होती. आईने बुधवारी तळघर धुवायला काढलं.

तिथे मादामच्या नवऱ्याने घरी गाळलेली पिवळ्या आलुबुखारांची दारू होती. शहाण्णव बाटल्या, प्रत्येकीवर खडूने आकडा. त्यातल्या एकोणिसांवर एकच: सत्तेचाळीस.

"बिचाऱ्याला मोजता येत नसावं," आई म्हणाली. तिने धुळीबरोबर खडूही धुतला आणि एकपासून शहाण्णवपर्यंत नवे नंबर चिकटवले.

गुरुवारी मादाम खाली उतरल्या.

"हे काय करून ठेवलंस, बाई?"

"नंबर लावले, मादाम. आधीचे चुकले होते."

"नंबर? अगं, सालं होती ती! कुठल्या सालची कुठली, हे आता सांगणार कोण? तो तर तिकडे दफनभूमीत! शनिवारी येऊ दे तुमचा साहेब. सांगते त्याला, ही माणसं मला नकोत."

बाबा टोपी हातात फिरवत होते. "व्हर्ना, माफी माग."

"मागते. आधी वही आणू दे."

आईने माफी मागितली आणि वही पुढे केली. एका बाजूला नवा नंबर, समोर जुना. लष्करात जुना नंबर चुकीचा ठरला तरी टाकून देत नाहीत, त्याचीही नोंद ठेवतात.

मादामनी चष्मा लावून दोन पानं वाचली. मग खडू घेतला.

"वाच."

दिवे लागेपर्यंत आई वाचत होती, मादाम लिहीत होत्या. एकही बाटली चुकली नाही. खात्रीसाठी मादामनी तीन चाखून पाहिल्या. चौथी खात्रीसाठी नव्हती.

शनिवारी कॅप्टन आला. घर पाहून झाल्यावर त्याने विचारलं, "भाडेकरूंबद्दल काही तक्रार?"

"आहे," मादाम म्हणाल्या. बाबांचा चेहरा उतरला. आईची मान ताठच होती.

"ही बाई थेंबभर पीत नाही. बाकी माझ्या नवऱ्याला माझ्याऐवजी ही मिळाली असती, तर त्याच्या संसाराला वळण लागलं असतं."

कॅप्टनने थोडा विचार केला, 'तक्रार नाही' असं लिहिलं, आणि आम्ही तीन वर्षं तिथे राहिलो.