हाताला लागलेले चेंडू

मी अहमदपूरचा मृत्युंजय. बसस्थानकासमोर माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि गेली बावीस वर्षं विभागातल्या सॉफ्टबॉल सामन्यांची गुणवही मीच लिहितो. माझी वही बघून पंचसुद्धा निकाल फिरवतात असा माझा लौकिक. तो अर्धाअधिक मीच पसरवलेला. पंचशीला गजभारेचं वाटोळं याच वहीनं केलं, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहिलं पाहिजे.

पंचशीला बिलोलीची. वडील आनंदराज गवंड्याच्या हाताखाली, आई नीलाबाई मजुरीला. समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटून आपटून ही पोरगी खेळ शिकली. ती शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर उभी राहणारी. मारलेले चेंडू सगळ्यात जास्त तिथंच येतात. त्यात आमची मैदानं काळ्या मातीची, भेगा पडलेली; चेंडू कधी पोटरीवर येतो, कधी थेट हनुवटीवर. पंचशीला तिथं चेंडूच्या आधी पोचलेली असायची. बॅट हातात घेतली की मात्र सगळा आनंदीआनंद. दहा वेळा मारायला गेली तर नऊ वेळा मान खाली घालून बाकावर परत.

बारावीला होती, तेव्हा तिचं शालेय स्पर्धांचं शेवटचं वर्ष. विभागाच्या संघातून राज्य स्पर्धेला जायचं, संघ पहिल्या तिनात आला की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असलं की सरकारी भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर अर्ज करता येतो. तिला पोलिसात जायचं होतं. उंची होती, पळणं होतं, कमी होता तो कागद. संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघी होत्या, पंचशीला आणि उदगीरची वर्षाराणी. वर्षाराणीची बॅट बरी चालायची.

निवड करणारे पंढरी सर नांदेडचे, भला माणूस, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघणारा. मला म्हणाले, "अप्पा, तुमचं ते कम्प्युटर काय म्हणून राहिलंय, बघा की एकदा."

कम्प्युटर म्हणजे माझं व्यसन. त्यात बेसबॉलचा एक खेळ आहे. आपण बॅटही फिरवायची नाही आणि धावायचंही नाही. प्रत्येक खेळाडूची कुवत आकड्यांत भरायची, की तो सबंध हंगाम खेळून निकाल सांगतो. मी त्यात आमच्याच पोरी भरल्या. पंचशीलाच्या बॅटीला शंभरातले वीस दिले, ते रास्तच होते. क्षेत्ररक्षणाला किती द्यायचे म्हणून वही उघडली. वर्षभरात तिच्या नावावर एकोणीस चुका, वर्षाराणीच्या नावावर सहा. मी पंचशीलाला पस्तीस दिले आणि वर्षाराणीला सत्तर. दोनशे हंगाम खेळवले. पंचशीला असली की संघ पहिल्या तिनात क्वचितच यायचा. तिला मैदानात झेपावताना मी डोळ्यांनी बघत आलो होतो, तरी कागद छापून पंढरी सरांच्या हातात ठेवला आणि वर छाती पुढं काढून उभा राहिलो. असल्या शहाण्याला जोड्यानं मारायला पाहिजे.

यादी लागल्यावर ती माझ्या दुकानात आली. "सर, माझ्या चुका खरंच एवढ्या हायत?"

मी वही उघडली आणि एकेका चुकीवर बोट ठेवून दाखवलं. एकोणीसच्या एकोणीस. तिनं सगळ्या नीट बघितल्या, "हाव सर" म्हणाली आणि गेली.

राज्य स्पर्धेची वहीही मीच लिहीत होतो. उपांत्यपूर्व सामन्यात चार चेंडू वर्षाराणीच्या बाजूनं हातभर अंतरावरून निघून गेले. ती जागची हलली नाही. आम्ही हरलो, आणि माझ्या वहीत तिच्या नावावर चुका शून्य. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मला लिहायला शिकवणाऱ्या गुरुजींचा नियम होता, चेंडू हाताला लागून सुटला तर चूक; लागलाच नाही तर समोरच्या बॅटीची कमाई. मी तो डोळे मिटून पाळला. पंचशीला पोचायची तिथं दुसरी कुणी पोचतच नव्हती. झेपावून, गुडघे फोडून, बोटांना लागून जो सुटला तो मी तिच्या नावावर मांडला. लांबून बघत उभी राहणारीचं पान कोरं राहिलं.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या, तिनं अडवलेले चेंडू मोजले, आणि तिचं क्षेत्ररक्षण नव्वद केलं. बॅट वीसच ठेवली. दोनशेपैकी दीडशे हंगामांत संघ पहिल्या तिनात आला. मी कुणालाच सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर माझ्या वहीचं नाव जाईल याची भीती वाटत होती. पुढं चार वर्षं, दुपारी गिऱ्हाईक नसलं की, मी तिला त्या खेळात शॉर्टस्टॉपला उभी करायचो. तिथं ती जिंकायची. मला त्यानं बरं वाटायचं, याची आज लाज वाटते.

या मार्चमध्ये राहवलं नाही, नांदेडला गाडी बदलून बिलोलीला गेलो. तहसीलजवळच्या एका ऑनलाइन सेंटरवर ती लोकांचे भरतीचे फॉर्म भरते. समोर एक मुलगी बसली होती. पंचशीला तिला विचारत होती, "खेळाडू हायस का? प्रमाणपत्र हाय?" मुलगी हो म्हणाली. पंचशीलानं खूण केली आणि पुढचा रकाना विचारला.

मुलगी गेल्यावर मी सगळं सांगितलं. तिनं चहा सांगितला होता, तो तसाच निवत राहिला.

"मंग माझे हात चांगले होते म्हणता?"

"लई चांगले होते, बाई. माझी वही चुकली."

"यादीत नाव न्हाई आलं, ते मी तवाच गिळलं होतं, सर," ती म्हणाली. "पण तुम्ही बोट ठिवून दाखवलं ना, तवापासून चेंडू हातात धरला न्हाई. पुढच्या वर्षी कॉलेजचे सर घरी आले होते, संघात ये म्हणून. मीच न्हाई म्हणाले. म्हटलं, आपल्या हातातून सुटतंय, दुसऱ्या पोरींचं नुकसान कशाला?"

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आधारकार्ड घेऊन आत आले. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि कामाला लागली.

त्या वर्षी त्या कॉलेजचा संघ राज्यात दुसरा आला होता. सगळ्या पोरींना प्रमाणपत्रं मिळाली होती. त्या सामन्यांची वहीही मीच लिहिली होती. त्या प्रमाणपत्रांचं तिला ठाऊक आहे का, एवढं विचारायची माझी हिंमत झाली नाही.