आल्याच्या चहातला ड्रॅगन

डोंबिवलीतला आमचा मोबाइल दुरुस्तीवाला कुजबुजला तरी टिटवाळ्याचा गणपती कान झाकून घेतो. चहा पितो तो बादलीएवढ्या मगातून. आम्हा गेम खेळणाऱ्यांना ब्लॉकचेन त्यानेच शिकवलं.

"अरे, आपली चाळच समज. कोणाचं काय आहे ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, एकट्याला पुसता येत नाही. पण तुझ्या खोलीची किल्ली म्हणजे बारा गुप्त शब्द. ते कोणाला सांगितलेस, की मेलास."

वर्षभर लढून मी गेममध्ये एक ड्रॅगन कमावलेला; त्याची मालकी ब्लॉकचेनवरच नोंदलेली, माझ्या बारा शब्दांच्या कुलपात. एकदा दुकानात बसून, 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्या कोणालातरी मी तेच शब्द टाइप करत होतो. अकरावा झाला आणि ह्याने माझा फोन हिसकावून थेट मगात बुडवला.

मग दोन दिवस खपून फुकट दुरुस्तही केला.

ड्रॅगन शाबूत आहे. फोन तापला की अजून आल्याचा वास येतो, आणि मी मनातल्या मनात हात जोडतो.